कसणाऱ्याची की कागदाची?

प्रश्न : आजोबा कूळ होते, कूळकायद्याने भातखाचरं आमची झाली. जुन्या मालकांची नात म्हणते, “बळकावलीत.” खरंच अन्याय झाला का?

उत्तर : ताई, माझ्या मते नाही. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक मानली गेली, पण फुकट नव्हे. किंमत भरावी लागे. ‘३२ म’चा दाखला, म्हणजे किंमत भरून जमीन घेतल्याचं प्रमाणपत्र, जुन्या कागदांत शोधा. मालक विधवा किंवा अज्ञान (वयात न आलेला) असेल तर खरेदी लांबणीवर पडे, ते योग्यच होतं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मते जमिनीत श्रम मिसळले की हक्क निर्माण होतो. राब भाजले, बांध घातले ते तुमच्याच घरच्यांनी. पण मग सातबाऱ्यावर आत्यांची नावं आहेत का? लावणीला चिखलात त्याही वाकल्याच असतील. आधी ते बघा.