गार्थ निक्स पूर्णवेळ फँटसी लेखक कधी झाले? त्यासाठी नोकरी कधी सोडली?

तुम्ही विचारलंय की आयटीतली नोकरी सोडून फँटसी लिहायला बसावं का, आणि तुमचे आवडते ऑस्ट्रेलियन फँटसी लेखक गार्थ निक्स यांनी ती हिंमत कधी केली. तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय : त्यांनी एके दिवशी राजीनामा दिला, मग ‘सॅब्रिएल’ ही कादंबरी लिहिली आणि नाव झालं. तसं काही घडलेलं नाही. ‘सॅब्रिएल’ १९९५ साली ऑस्ट्रेलियात आली, तिला बक्षिसं मिळाली, पुढच्याच वर्षी ती अमेरिकेत निघाली, आणि तरीही हा माणूस कामाला जातच होता. लेखनावर पोट चालवायला ते लागले तेव्हा चाळिशी जवळ आली होती.

मी स्वतः पुण्यात प्रकाशन व्यवसायात आहे. प्रूफं वाचण्यापासून गठ्ठे मोजण्यापर्यंत पडेल ते काम करतो, त्यामुळे मला त्यांच्या पुस्तकांइतकाच त्यांच्या नोकऱ्यांमध्ये रस आहे.

जन्म १९६३चा, मेलबर्नचा, वाढले कॅनबेरात. शाळा संपल्यावर काही काळ सरकारी कचेरीत कागद इकडचे तिकडे केले. मग विशीच्या उंबरठ्यावर टाइपरायटर आणि पुस्तकं गाडीत टाकून ब्रिटन-युरोप भटकून आले. त्याच सुमारास पहिली कथा विकली गेली. परत येऊन कॅनबेरात लेखन विषयात पदवी घेतली. दरम्यान चार वर्षं लष्कराच्या राखीव दलात अर्धवेळ शिपाईगिरीही केली. मग पुस्तकाच्या दुकानात काम, पुढे सिडनीत प्रकाशकांकडे आधी विक्री प्रतिनिधी, नंतर प्रसिद्धीचं काम, शेवटी संपादक. नव्वदच्या दशकात प्रकाशन सोडून जनसंपर्क आणि मार्केटिंग केलं, आणि १९९९च्या सुमारास परत पुस्तकांकडे वळले ते साहित्यिक एजंट म्हणून, म्हणजे दुसऱ्या लेखकांचे करार करून देणारा माणूस.

पुस्तक दुकानात का उठत नाही, हे विक्री प्रतिनिधीला संपादकापेक्षा आधी कळतं. रॉयल्टीच्या कलमात कुठे मेख मारलेली असते ते एजंटाला कळतं. निक्स या सगळ्या खुर्च्यांवर बसून आले. आपल्याकडे लेखक बहुधा प्राध्यापक असतो, नाहीतर बँकेत. हस्तलिखित प्रकाशकाच्या हवाली केलं की पुढे काय होतं याचा त्याला पत्ता नसतो, आणि मग वर्षानुवर्षं ‘माझं पुस्तक दुकानात दिसतच नाही’ ही तक्रार. (ती तक्रार दर महिन्याला फोनवर ऐकतो, म्हणून इतका कळवळून लिहितोय.)

आणखी एक बाब. १९९५मध्ये ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या दोन कोटींहून कमी होती, महाराष्ट्राच्या पाव हिश्शापेक्षाही थोडी. तेवढ्या वाचकांत किशोरांसाठी फँटसी लिहून घर चालवणं अवघड. तिथल्या लेखकाला अमेरिका आणि ब्रिटनचे दरवाजे उघडावेच लागतात, आणि भाषा एकच असली तरी ते आपोआप उघडत नाहीत. ‘सॅब्रिएल’ची ब्रिटिश आवृत्ती यायला २००२ उजाडलं. तोवर तिकडे मुलांच्या फँटसीची लाट आली होती. आधीच लिहून ठेवलेलं पुस्तक त्या लाटेला आयतंच सापडलं.

आता पुस्तकाबद्दल, कारण नोकऱ्यांचा उपयोग खरा तिथे दिसतो. ‘सॅब्रिएल’च्या जगात एक भिंत आहे. दक्षिणेला ॲन्सेल्स्टिएर : विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडसारखा देश, मोटारी, मुलींची निवासी शाळा. उत्तरेला जुनं राज्य : तिथे जादू चालते आणि मेलेले परत येतात. भिंतीपाशी लष्कराचा पहारा आहे. उत्तरेचा वारा सुटला की बंदुका आणि यंत्रं बंद पडतात, म्हणून शिपाई खाकीवर साखळी चिलखत चढवतात आणि रायफलीसोबत तलवारही बाळगतात. तिथे एक सरकारी पाटी आहे : विनापरवाना ओलांडणाऱ्याला गोळी घातली जाईल, आणि शेवटी पुन्हा ठासून, की आगाऊ इशारा मिळणार नाही. ती पाटी वाचली की कळतं, या लेखकानं लष्करी फलक जवळून वाचलेले आहेत. तलवारी आणि भुतं कुणीही लिहील. कार्यालयीन भाषेतली ती कोरडी दमदाटी फँटसीत आणायला मात्र परेडला उभं राहिलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट घंटांची. नायिका सॅब्रिएलच्या छातीवरच्या पट्ट्यात मेलेल्यांना आवरायच्या सात घंटा असतात, लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं, प्रत्येकीला नाव. सगळ्यात लहान रान्ना झोप आणते. किबेथ मेलेल्याला चालायला लावते, पण हात चुकला तर वाजवणाऱ्यालाच मृत्यूकडे चालवत नेते. सगळ्यात मोठी अस्तारेल. तिचा नाद ऐकणारा प्रत्येक जण मृत्यूत खोलवर फेकला जातो, वाजवणाऱ्यासकट. घंटा पट्ट्यातून काढताना लोलक बोटांनी धरून ठेवायचा, नाहीतर नको तेव्हा वाजेल. जादूला किंमत असते हे फँटसीत सगळेच म्हणतात. इथे ती किंमत हाताच्या एका हालचालीत आहे. नारायण धारपांच्या भयकथा वाचून मोठे झालेल्यांना मेलेल्यांची भीती नवी नाही, पण ती आवरायची ही अशी कारागिरी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

१९९५च्या पुस्तकांसाठी ऑस्ट्रेलियात ऑरिएलिस पुरस्कार (फँटसी, विज्ञानकथा आणि भयकथांचे) पहिल्यांदाच दिले गेले. ‘सॅब्रिएल’ला सर्वोत्तम फँटसी कादंबरी आणि सर्वोत्तम किशोर कादंबरी असे दोन्ही मिळाले. ‘किशोर’ हा शिक्का दुकानातल्या फळीसाठी असतो, हे त्यातून कळावं.

पुढचा भाग, ‘लिराएल’, २००१ साली आला. म्हणजे मध्ये सहा वर्षं. त्या काळात निक्स काय करत होते? ‘शेड्स चिल्ड्रन’ ही भविष्यातली काळीकुट्ट कादंबरी आली (१९९७, माझ्या मते तिला हवा तेवढा मान मिळाला नाही). त्याच वर्षी ‘एक्स-फाइल्स’ या टीव्ही मालिकेच्या एका भागावरून किशोरांसाठी पुस्तक लिहून दिलं. मग स्कोलास्टिक आणि लुकासफिल्मसाठी ‘द सेव्हन्थ टॉवर’ ही सहा पुस्तकांची मालिका. हे लिहून देण्याचं काम, ठरलेल्या मुदतीत. आपल्याकडे अशा कामाला नाकं मुरडतात. मला वाटतं, याच कामानं त्यांचा हात चालू राहिला आणि ‘लिराएल’ला हवा तेवढा वेळ मिळाला. ‘लिराएल’ आणि ‘ॲबहॉर्सन’ (२००३) ही खरं तर एकच कथा आहे, दोन खंडांत. तिची नायिका सहायक ग्रंथपाल आहे आणि तिचं ग्रंथालय डोंगराच्या पोटात शंखासारखं वळत खाली उतरतं. ग्रंथपाल नायिका ही पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसालाच सुचणार.

पूर्णवेळ लेखन सुरू झालं ते याच दोन-तीन वर्षांत, आणि लगेच ‘कीज टु द किंगडम’ ही सात वारांची सात पुस्तकं आली : २००३चा ‘मिस्टर मंडे’ ते २०१०चा ‘लॉर्ड संडे’. खरा आधार अशा मालिकांचा असतो. नवा भाग आला की दुकानदार मागचे भागही मागवतो, आणि जुनी पुस्तकं छापत राहतात. वाचक म्हणून विचाराल तर शेवटचे दोन भाग मला घाईचे वाटले.

कामाची पद्धत तुमच्या उपयोगाची आहे. अनेक वर्षं ते पहिला खर्डा हातानं लिहीत, लाल-काळ्या बांधणीच्या वह्यांत, आणि प्रकरण झालं की टाइप करत. टाइप करतानाच दुरुस्ती व्हायची, म्हणजे दुसरा खर्डा फुकटात. आणि एका वेळी एकच प्रकरण डोळ्यापुढे. अख्खी कादंबरी नाही. नोकरीवाल्याला परवडेल अशीच ही रीत आहे. वही लोकलमध्येही उघडता येते.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : आत्ता सोडू नका. एक कादंबरी पुरी करा, मग दुसरी. पहिलीची रॉयल्टी हातात आली की हिशेब तुम्हालाच दिसेल. निक्स यांची पहिली कादंबरी ‘द रॅगविच’ १९९०ची. तिथून पूर्णवेळ लेखनापर्यंत दहाहून जास्त वर्षं गेली.

ते अजून लिहितायत. जुन्या राज्यात ते ‘क्लॅरिएल’ (२०१४), ‘गोल्डनहँड’ (२०१६) आणि ‘टर्सिएल अँड एलिनॉर’ (२०२१) घेऊन परतले. २०२०ची ‘द लेफ्ट-हँडेड बुकसेलर्स ऑफ लंडन’ १९८३च्या लंडनमध्ये घडते, म्हणजे ते स्वतः तरुणपणी भटकत होते त्याच काळात, आणि तिच्यात पुस्तकविक्रेतेच तलवारी घेऊन फिरतात. विक्री प्रतिनिधी म्हणून भेटलेल्या दुकानदारांवरचा हा सूड की प्रेम, ते वाचून ठरवा.

जुन्या राज्याच्या मालिकेला कुणाला सुरुवात करायची असेल तर कथेतल्या कालक्रमानं जाऊन ‘क्लॅरिएल’ आधी उचलू नका. ‘सॅब्रिएल’च घ्या. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर टिम करी यांनी वाचलेलं ऑडिओबुक ऐका. त्यातल्या मॉगेट मांजराचा आवाज ऐकल्यावर पुस्तकातलं मांजर दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलतच नाही.