'रिसायकल्ड वॉटर ऑर्डिनन्स'ला 'पुनर्चक्रित जल अध्यादेश' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की सॅन फ्रान्सिस्को शहराच्या 'रिसायकल्ड वॉटर ऑर्डिनन्स'वर (म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते परत वापरायला लावणाऱ्या नियमावर) मराठीत लेख लिहायचाय, तर 'पुनर्चक्रित जल अध्यादेश विकसित करताना' हे शीर्षक चालेल का. माझ्या मते यातला 'करताना' तेवढा ठेवा, बाकी सगळं बदला :)

आधी अध्यादेश. आपल्याकडे अध्यादेश कोण काढतं, तर राष्ट्रपती नाहीतर राज्यपाल (घटनेचे अनुच्छेद 123 आणि 213), आणि तोही सभागृहाचं अधिवेशन चालू नसताना. पुढे अधिवेशन भरलं की सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. म्हणजे हा तात्पुरता, घाईचा प्रकार. अमेरिकेत मात्र शहराच्या निवडून आलेल्या मंडळाने रीतसर मंजूर केलेल्या कायद्यालाच ऑर्डिनन्स म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोचा 1991 चा आहे आणि अजून चालू आहे, सहा आठवड्यांचा तिथे काही संबंधच नाही. शब्द एकच, पण इंग्रजांच्या कारभारातून आपल्याकडे आला तो एका अर्थाने आणि तिकडे रुजला दुसऱ्याच अर्थाने. त्यात आपले पेपरवाले साध्या जीआरलाही बिनधास्त 'अध्यादेश' म्हणतात (त्याला शासन निर्णय असा सरळ शब्द आहे हो), त्यामुळे या शब्दाचं आधीच भजं झालंय.

मग काय म्हणायचं? आपली महापालिका पाण्याबद्दल असा नियम करते तेव्हा तो 'उपविधी'. मसुदा जाहीर होतो, लोकांच्या हरकती-सूचना घेतात, सभेत ठराव होतो आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. पण उपविधी म्हटलं की तो वरच्या कुठल्यातरी अधिनियमाच्या पोटातला, हे त्या 'उप'मध्येच आलं. म्हणून लेख पुणे-नाशिकवर असता तर मी डोळे झाकून 'उपविधी' लिहिलं असतं, सॅन फ्रान्सिस्कोसाठी सरळ 'शहराचा कायदा' लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल. आणि 'विकसित करताना' नको. प्लॉट विकसित होतो, कायद्याचा मसुदा करतात.

आता 'पुनर्चक्रित'. हा हिंदीतून आलाय आणि संधीच्या नियमानेही गडबडलाय. पुनर् च्या पुढे च आला की 'पुनश्च' होतं, पुनश्च हरिओम म्हणतो तसं, म्हणजे खरं तर 'पुनश्चक्रित' व्हायला हवं, आणि ते कोण उच्चारणार? 'पुनर्वापर' मात्र छान रुळलाय, पुढे 'व' असल्यामुळे संधीलाही तक्रार नाही.

पण खरी मेख इथे आहे. पुनर्वापर म्हणजे नुसतं परत वापरणं. आमच्या आजीच्या घरी मोरीचं पाणी पन्हळीतून थेट परसातल्या अळूला आणि केळीला जायचं, राखेने घासलेल्या भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं. तो शंभर टक्के पुनर्वापर, प्रक्रिया मात्र शून्य. कायद्यातलं पाणी तसं नसतं, ते आधी प्रक्रिया करणाऱ्या प्लँटमधून जातं. म्हणून कलमांमध्ये 'प्रक्रिया केलेलं सांडपाणी' असंच हवं, लांबलचक वाटलं तरी. 'शुद्ध पाणी' तर चुकूनही नको, उद्या कोणीतरी तांब्या लावेल त्या नळाला! सॅन फ्रान्सिस्कोचा नियम काय सांगतो तर ठरवून दिलेल्या भागांत 40,000 चौरस फूट किंवा त्याहून मोठं नवं बांधकाम असेल तर फ्लश, बागेचं पाणी वगैरेसाठी या पाण्याची वेगळी व्यवस्था करा. पाइपही वेगळे, कॅलिफोर्नियात ते जांभळ्या रंगाचे असतात, पिण्याच्या पाण्याशी गफलत नको म्हणून.

'सांडपाणी' हा शब्द मला स्वतःला आवडतो. सांडणे म्हणजे टाकून देणे, धरणाचा सांडवाही त्यातलाच. संडासाचं येतं ते मैलापाणी, मोरी-न्हाणीचं ते सांडपाणी, असा भेद जुन्या लोकांच्या बोलण्यात पक्का आहे, ऑफिसच्या कागदात मात्र दोन्ही एकाच पिंपात. गंमत म्हणजे जे पाणी आपण सांडत नाही, परत वापरतो, त्यालाही सांडपाणीच म्हणायचं. सिंगापूरने हे ओळखून 'वापरलेलं पाणी' असा शब्द धरला आणि प्रक्रिया करून आलेल्या पाण्याला चक्क 'न्यूवॉटर' असं ब्रँडसारखं नाव दिलं.

आपल्याकडे लोकांनी शब्द आधीच पाडलाय. आमच्या सोसायटीत बागेच्या नळावर 'प्रक्रियायुक्त जल' अशी पाटी होती, वॉचमनचा मुलगा त्यालाच तोंड लावून पाणी प्यायला. मग माळीमामांनी खडूने खाली लिहिलं, 'एसटीपीचं पाणी, पिऊ नका' (एसटीपी म्हणजे सोसायटीचा सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्लँट). नळाचं, विहिरीचं, टँकरचं, तसं एसटीपीचं. कुठून आलं ते सांगितलं की झालं.

तर तुमचं शीर्षक मी असं करेन: 'वापरलेलं पाणी पुन्हा वापरण्याचा कायदा: सॅन फ्रान्सिस्कोने मसुदा करताना काय पाहिलं'. आत मजकुरात पहिल्यांदा 'प्रक्रिया केलेलं सांडपाणी' असं पूर्ण लिहा, नंतर 'पुनर्वापराचं पाणी' चालेल.