सायको-सोशिओ एकत्र घेतलं तर दोन दगडांवर पाय?

"मॅडम, सोशिओलॉजी आणि सायकोलॉजी दोन्ही शिकून ही पुढे नक्की कोण होणार?"

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न समुपदेशन केंद्रात हमखास येतो. या वेळी तो विचारणारे वडील अर्धी रजा टाकून डोंबिवलीहून आले होते. मुलगी एफवायबीए झालेली, कॉलेज दादरच्या बाजूला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आता मेजर (मुख्य विषय) कुठला, मायनर (दुय्यम विषय) कुठला, हे ठरवायचं होतं. वडिलांना नोकरीची काळजी, तर मुलीची अडचण निराळीच: सोशिओत वर्गात पुढे, सायकोत काठावर पास. "मला सायको जमतच नाही" असं तिने ठरवूनही टाकलं होतं.

तिने सायकोच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणली होती, ते बरं झालं. प्रश्न बारावीच्या विद्यार्थ्यांना येणाऱ्या ताणाचा. तिने दोन पानं भरून लिहिलं होतं: क्लासची फी, नातेवाइकांकडून होणारी तुलना, एका खोलीत सहा माणसं, मार्कांवर ठरणारी इभ्रत. त्यातलं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. सोशिओच्या पेपरात याला चांगले मार्क पडले असते. सायकोचा परीक्षक मात्र त्यात माणूस शोधत होता: परिस्थितीकडे तो धोका म्हणून बघतो की आव्हान म्हणून, आपल्याला हे झेपेल असं त्याला वाटतं का, शरीर कसा प्रतिसाद देतं, तो ताणाला तोंड कसं देतो. मानसशास्त्रज्ञ लॅझारस आणि फोकमन यांची मूल्यमापनाची (माणूस परिस्थिती कशी जोखतो याची) संकल्पना किंवा ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांचे तीन टप्पे (धोक्याची जाणीव, प्रतिकार, थकवा) यांतलं काहीही उत्तरात नव्हतं. तिचा अभ्यास कमी पडला नव्हता. एका विषयाचं उत्तर दुसऱ्या विषयाच्या पेपरात गेलं होतं, एवढंच.

दोन्ही विषय एकत्र घेणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. चाळीतल्या एकाच खोलीत वाढलेल्या दोन बहिणींपैकी एकीलाच परीक्षेआधी झोप का लागत नाही, हा सायकोचा प्रश्न. त्या चाळीत आणि समोरच्या टॉवरमध्ये झोप न लागणाऱ्या मुलांचं प्रमाण वेगळं का, हा सोशिओचा. समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने 1897 मध्ये आत्महत्येसारखी अगदी खासगी वाटणारी गोष्ट घेतली आणि वेगवेगळ्या समूहांत तिचे दर वेगळे का, एवढ्याच अंगाने ती तपासली, ती याच कारणाने. मुलीला सांगितलं, उत्तराला हात घालण्याआधी समासात पेन्सिलीने लिही: "माणसामाणसातला फरक" की "गटागटातला फरक". पहिल्या परिच्छेदात त्याच बाजूची एक तरी संकल्पना नावानिशी आली पाहिजे. दुसऱ्या विषयातलं एखादं वाक्य शेवटी चालतं, सुरुवातीला नाही.

दुसरा घोळ शब्दांचा. गट, भूमिका, पूर्वग्रह, सामाजिकीकरण हे दोन्हीकडे भेटतात, त्यामुळे "हे तर झालंय" म्हणून मुलं धडा गाळतात. "नॉर्म" हा शब्दच घ्या. सोशिओत नॉर्म म्हणजे समाजाने घालून दिलेला वागण्याचा नियम. मानसशास्त्रीय चाचणीत नॉर्म म्हणजे नमुना-गटाच्या गुणांवरून तयार केलेलं तुलनेचं माप. व्याख्येत अदलाबदल झाली की मार्क गेलेच. यासाठी एकच वही करावी: अशा सामाईक शब्दाला समोरासमोरची दोन पानं, डावीकडे सोशिओ, उजवीकडे सायको. तीसेक शब्द पुरतात.

तिसरी गोष्ट तिने शेवटी आणि जरा ओशाळून सांगितली: गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं, आणि सायकोत संख्याशास्त्र निघालं. तिथेच कागद पुढे ओढला. पाच जणांचे गुण 4, 6, 7, 8, 10. सरासरी 7. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर -3, -1, 0, 1, 3. वर्ग 9, 1, 0, 1, 9, बेरीज 20. भागिले 5, म्हणजे 4. वर्गमूळ 2, हेच प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. तिने 4 वरच थांबून उत्तर लिहिलं होतं. वर्गमूळ विसरणं ही यातली नेहमीची चूक, आणि ती पकडायला सोपी आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान गुणातलं अंतर 6, त्याचं निम्मं 3. एकूण संख्येने भागून काढलेलं प्रमाण विचलन या निम्म्याहून मोठं येऊच शकत नाही, म्हणजे 4 हे उत्तर बघताक्षणीच चूक. (नमुन्यासाठी एकने कमी संख्येने भागतात, तेव्हा उत्तर थोडं वाढतं, प्रश्नात काय मागितलंय ते आधी पाहावं.) डोंबिवली-दादर लोकलमध्ये सिद्धान्त वाचता येतात. गणितं टेबलावरच, रोज दोन.

मग वडिलांचा प्रश्न. त्यांच्या पुतण्याच्या वेळी टीवायला एकाच विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन घेता यायचे, आणि तेच गणित त्यांच्या डोक्यात होतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात मेजर आणि मायनर समान नाहीत. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) आणि त्यांत मायनरचे साधारण 18 ते 20. म्हणून "दोन्ही थोडं थोडं" असं काही उरत नाही, एक विषय मुख्य होतोच. थेरपीच्या बाजूला जायचं असेल तर सायको मेजर ठेवावा, कारण एमए सायकोलॉजीच्या प्रवेशात पदवीला हा विषय किती होता ते बघतात. आवडीच्या दोन-तीन विद्यापीठांच्या पात्रतेच्या अटी फॉर्म भरायच्या आधीच काढून वाचाव्यात. नुसत्या एमए सायकोलॉजीने क्लिनिकल सायकोलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. हे ऐकून वडील जरा खट्टू झाले, पण आत्ताच कळलेलं बरं. "मग घरबसल्या डिस्टन्सने करेल" हाही मार्ग राहिलेला नाही. यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे.

सोशिओ मेजर घेतला तर समाजकार्य, संशोधन संस्था, सामाजिक संस्थांतली कामं, अध्यापन. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवातच 1936 मध्ये समाजकार्याच्या शाळेतून झाली. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत दोन्ही आहेत, पण घेता एकच येतो: दोन पेपर, 500 गुण.

ती सायको मेजर, सोशिओ मायनर यावर आली. वडील अर्धे राजी. मेजर बदलायची मुदत कधी संपते, ते कॉलेजच्या ऑफिसात लेखी विचारून घ्यायचं ठरलं. तोंडी "होईल हो" वर विसंबू नये.

जाताना तिने सोशिओच्या प्रकल्पाची प्रश्नावली दाखवली. लेडीज डब्यातल्या रोजच्या प्रवासी बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. सातवा प्रश्न होता, "तुम्हाला डिप्रेशन येतं का?" तो खोडला. निदान हे तिचं काम नाही, आणि कोणी "हो" म्हणालं तर पुढच्या स्टेशनवर ती काय करणार? त्याजागी तीन प्रश्न घातले: घरातून किती वाजता निघता, परत आल्यावर पहिलं काम कोणतं, आठवड्यात स्वतःसाठी वेळ कधी मिळतो. प्रश्नावलीच्या माथ्यावर संमतीच्या दोन ओळी हव्यात आणि नावाचा रकाना नको, असं सांगितल्यावर तिने तिथेच तो रकाना फुलीने काढला.