नेट 100चं, तरी व्हिडिओ अडखळतो

प्रश्न: स्पीड टेस्टला 100 एमबीपीएस येतं पण यूट्यूबवर 4के लावलं की चित्र झटके खातं, आवाज मात्र नीट येतो. लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा आय5, विंडोज 10. कुठेतरी वाचून टीसीपी ऑटोट्यूनिंग (एका वेळी किती डेटा घ्यायचा ते विंडोज आपोआप ठरवतं ते सेटिंग) डिसेबल केलं, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत) नेटवर्क थ्रॉटलिंग इंडेक्स, म्हणजे पॅकेट्सच्या वेगावरची मर्यादा, तीही बदलली. फरक शून्य, उलट डाउनलोड हळू झालेत. आता काय करू?

उत्तर: आवाज नीट आणि चित्र अडकतंय, इथेच अर्धं उत्तर आहे. नेट कमी पडलं असतं तर दोन्ही थांबून गोल फिरत बसलं असतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, बफर हेल्थ (आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ) भरलेली आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा (न दाखवता गाळलेल्या चित्रांचा) आकडा भराभर वाढतोय असं दिसलं तर नेटला दोष देऊ नका, लॅपटॉपला तो व्हिडिओ डीकोड करणं, म्हणजे दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडून दाखवणं, झेपत नाहीये. यूट्यूब 4के देतं ते व्हीपी9 किंवा एव्ही1 या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत), आणि इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी9चं पूर्ण हार्डवेअर डीकोडिंग आलं सातव्या जनरेशनपासून, एव्ही1चं अकराव्यापासून, म्हणजे तुमच्याकडे बराचसा भार सीपीयूवरच पडतो.

आधी ऑटोट्यूनिंग परत चालू करा. बंद करताना वापरलेली तीच कमांड, शेवटी डिसेबल्डच्या जागी नॉर्मल, कमांड प्रॉम्प्ट मात्र अॅडमिन म्हणून उघडा. हे बंद असलं की टीसीपीची रिसीव्ह विंडो, म्हणजे पोच मिळायच्या आधी एका वेळी येऊ शकणारा डेटा, 64 केबीच्या वर जात नाही, आणि सर्व्हर 100 मिलिसेकंद लांब असेल (डेटाच्या जाऊन-येऊन फेरीला तेवढा वेळ लागत असेल) तर एका कनेक्शनला जेमतेम 5 एमबीपीएस मिळतं, लाइन कितीही मोठी असो! डाउनलोड त्यामुळेच हळू झालेत, आणि असले सल्ले लोक बिनदिक्कत देतात याचा मला खरंच राग येतो. थ्रॉटलिंग इंडेक्सही परत 10 करा. ती मर्यादा मिलिसेकंदाला 10 पॅकेट्सची (डेटाच्या तुकड्यांची), म्हणजे साधारण 120 एमबीपीएस, तुमची लाइन तिथवर पोचतच नाही.

मग ब्राउझरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ग्राफिक्स अॅक्सिलरेशन चालू आहे ना बघा, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, पॉवर मोड बॅटरी सेव्हरवर नको. आणि 1080पी वर या. तिथे एच.264 हे कोडेक मिळतं, ते तुमची चिप आरामात डीकोड करते, फक्त ब्राउझर आपणहून व्हीपी9 घेत असेल तर एच.264च मागणारं एक्स्टेंशन टाकावं लागेल. टाकल्यावर 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'च्या खिडकीत कोडेकच्या ओळीत एव्हीसी1 (एच.264चंच नाव) दिसायला हवं.