बिनमाणसाच्या स्टेशनावर उतरताना

प्रश्न : मुलगी जपानमध्ये आडवळणाच्या गावी नोकरीला आहे. आम्ही दोघं मे महिन्यात जाणार आहोत. ती म्हणते, तिच्या स्टेशनावर ना तिकीट खिडकी, ना टीसी. मग तिकीट काढायचं कुठे आणि द्यायचं कुणाला?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अशा स्टेशनाला तिथे ‘मुजिन-एकी’ म्हणतात, म्हणजे बिनमाणसाचं स्टेशन. तिथली एक-दोन डब्यांची गाडी बहुधा ‘वानमान’ असते. तिच्यात गार्ड नसतो, भाड्याचे पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे असतात. व्यवहार रेल्वेपेक्षा बसच्या जवळचा आहे.

अशा स्टेशनावर बहुधा फक्त पुढच्या डब्याची दारं उघडतात. त्याच डब्याच्या मागच्या दारानं चढायचं आणि चालकाजवळच्या दारानं उतरायचं. दार उघडलं नाही तर शेजारचं बटण दाबा. कित्येक गाड्यांत ते प्रवाशानंच दाबायचं असतं. चढताच दाराशी असलेल्या यंत्रातून चिठ्ठी ओढून घ्या. तिला ‘सेइरिकेन’ म्हणतात. तिच्यावर एक आकडा असतो, आणि तुम्ही कुठे चढलात याचा तोच पुरावा. पुढे चालकाच्या वर फलक असतो. चिठ्ठीवर ५ असेल तर फलकावरच्या ५ च्या घरातली रक्कम हे तुमचं भाडं. स्टेशनं मागे पडतील तशी ती वाढत जाते. चिठ्ठी हरवली तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं मागितलं जाऊ शकतं.

खरी पंचाईत सुट्ट्यांची. बहुतेक भाडेपेट्या उरलेले पैसे परत देत नाहीत. ३४० येनच्या भाड्याला ५०० चं नाणं टाकलंत, तर १६० गेले. पेटीलाच सुट्टे करून देणारी वेगळी खाच असते, पण तिथे साधारणपणे १,००० ची नोट आणि ५००, १०० ची नाणी चालतात. ५,००० किंवा १०,००० ची नोट बहुधा चालत नाही, आणि रुपये देऊन येन घेतले की हाती येतात त्या बहुधा १०,००० च्याच नोटा. त्या मोठ्या स्टेशनावरच्या दुकानातच मोडून घ्या. गाडीत सुट्टे करायचे तर उतरण्याच्या एक-दोन स्टेशनं आधी, गाडी थांबलेली असताना करा. या मार्गांवर बऱ्याचदा एकच रूळ असतो. तुमच्यामुळे दोन मिनिटं गेली, तर क्रॉसिंगला उभी असलेली समोरची गाडीही तेवढीच खोळंबते. मग चिठ्ठी आणि नेमके पैसे एकत्र पेटीत टाका.

प्रश्न : सुइका कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून नुसतं टेकवायचं कार्ड, असलं की हे सगळं टळेल ना?

उत्तर : नेहमी नाही. २०१३ पासून अशी दहा प्रमुख कार्डं एकमेकांच्या भागांत चालतात, पण एक प्रवास एकाच कार्डक्षेत्रात सुरू होऊन तिथेच संपावा लागतो. लहान मार्गांवर तर कित्येकदा कार्ड चालतच नाही. जिथे चालतं, तिथे फलाटावर कार्ड टेकवायचा नुसता खांब असतो, फाटक नाही. चढण्याचा आणि उतरण्याचा खांब बहुधा वेगळा असतो. उतरताना टेकवायचं राहिलं की प्रवास कार्डात उघडाच राहतो आणि पुढच्या वेळी कार्ड अडतं. मग माणूस असलेल्या स्टेशनावर जाऊन ते दुरुस्त करून घ्यावं लागतं. मुलीला आधीच विचारा, तिच्या स्टेशनावर हा खांब आहे का.

प्रश्न : आणि परदेशी पर्यटकांसाठीचा जपान रेल पास?

उत्तर : जेआर, म्हणजे ‘जपान रेल्वेज’ गटातल्या कंपन्यांच्या गाडीत चालतो, उतरताना चालकाला दाखवायचा. मार्ग खासगी कंपनीचा असेल, तर भाडं बहुधा वेगळं द्यावं लागतं. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं पडतं. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते फलाटावरच्या वेळापत्रकात उतरल्याबरोबर बघून ठेवा. डावीकडे तास, पुढे मिनिटं, आणि कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस बहुधा वेगळे छापलेले असतात.