नाशकात बसून जहाजांचा इतिहास?

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहतो, एसवायबीए, हिस्टरी घेतलंय. बीबीसीवरच्या इतिहासकार सॅम विलिसचे प्रोग्रॅम बघून बघून डोक्यात बसलंय की आपण पण समुद्राचा इतिहास शिकायचा आणि टीव्हीवर सांगायचा. पप्पा म्हणतात, उन्हाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, गुडघाभर पाणी नसतं आणि हा म्हणे जहाजं शिकणार! खरंच वेडेपणा आहे का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : पप्पांना रविवारी पांडवलेणीला घेऊन जा. दहा नंबरचं लेणं, व्हरांड्यात मागच्या भिंतीवर अगदी छताखाली ब्राह्मीत लेख आहे, मान दुखेल पण बघ. क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात त्यात सांगतो की भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारग इथे धर्मशाळा बांधल्या, आणि दमण, तापी, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारग म्हणजे आपलं नालासोपारा, दोन्ही त्या काळची मोठी बंदरं, आणि गोवर्धन इथलंच, गंगापूरजवळचं. म्हणजे बंदरांचा माल नि माणसं घाट चढून इकडे येत होती. मी पण कॉलेजात असताना तिथे फक्त फोटो काढायला जायचे, लेख वाचला तो खूप उशिरा, आता लाज वाटते.

आता विलिसचं. त्याचा नुसता कॅमेऱ्यासमोरचा चेहरा बघू नकोस. त्याने एक्सिटर युनिव्हर्सिटीतून पीएचडी केली, शिडाच्या जहाजांवर खलाशी म्हणून काम केलं, ‘हॉर्नब्लोअर’ सिरीयलच्या शूटिंगला जी जहाजं होती त्यांच्यावर सुद्धा. दोर ओढून हात सोललेला माणूस वारा फिरला की काय होतं ते सांगतो तेव्हा पटतं. बुडालेल्या जहाजांवरची मालिका 2013 ची, सिल्क रोडवरची 2016 ची. आधी विषय पक्का झाला, मग टीव्ही, आणि मला तरी हाच क्रम बरोबर वाटतो.

तू काय करायचं? आधी मोडी शीक, अगदी याच वर्षी. मराठा आरमाराची कागदपत्रं मोडीत आहेत, आणि मोडी न येणारा इतिहासकार दुसऱ्याने वाचून दिलेल्यावरच जगतो. मग एमएला पुण्याचं डेक्कन कॉलेज बघ, तिथे आर्किऑलॉजी आहे. मुंबईत 1978 पासून मेरीटाईम हिस्टरी सोसायटी आहे, त्यांची लेक्चरं ऐक. आणि सुट्टीत मालवणला जाऊन एखाद्या तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) होडीत बस, गलबत आणि गुराब या मराठा आरमारातल्या जहाजांतला फरक पुस्तकात वाचशीलच, पण सुकाणू हातात धरल्यावर कळतं ते वेगळं.

टीव्हीची वाट बघत बसू नको. मोबाईलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ कर, पहिला त्या दहा नंबरच्या लेण्यावरच. पैशाचं म्हणशील तर सुरुवातीला फार नाहीत, त्यामुळे प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा डोक्यात ठेव, पप्पांची काळजी अगदीच चूक नाहीये.

प्रश्न : समुद्राखालच्या पुरातत्त्वाला पोहता यावंच लागतं का?
– नाशिकरोडहून

उत्तर : पाण्यात उतरून काम करायचं तर हो, डायव्हिंगच शिकावं लागतं. गोव्याच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) द्वारकेला असंच काम केलं. पण कागद वाचायचे असतील तर पोहणं येत नसलं तरी चालतं, मला पण येत नाही.