कामापेक्षा ‘आवडणं’ मोठं का? (चाकणचा अनुभव, उत्तर लांबलंय)

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ‘ड्रॉइंग मला कळतं, कस्टमरचे फोन मी घेतो, आणि बढती मिळाली ती साहेबांबरोबर चहाला जाणाऱ्याला. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे.’ कंपनीचं नाव बदललं की ही पोस्ट माझीच, २०१२ ची. म्हणून राहवलं नाही.

आधीच सांगतो, मी एचआरवाला नाही. चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटीत २२ वर्षं काढली, एवढंच भांडवल. आयटीत किंवा बँकेत गणित वेगळं असेल. आणि वेळेवर या, हसून बोला, साहेबांच्या मुलाचा निकाल विचारा, हे सांगत बसत नाही. तेवढं तुम्हाला कळतं.

माझी चूक सांगतो. हबचा बोअर (मधलं भोक) तपासायला लाइनवर गो-नो गो प्लग गेज असायचा, म्हणजे भोकात घालून बघायचा मापाचा दांडा: गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये. रोज शेकडो बोअरमध्ये घालून घालून गो बाजू झिजते, बारीक होते, आणि मग लहान बोअरचा जॉबही (तयार झालेला भागही) ‘ओके’ म्हणून पुढे जातो. त्या गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजचंच माप तपासून घ्यायची, तारीख उलटून आठ दिवस झाले होते. प्रॉडक्शनच्या साहेबांना मी दोनदा तोंडी सांगितलं. ते म्हणाले, ‘एवढा डिस्पॅच निघू दे, सोमवारी काढतो.’ सोमवार उजाडायच्या आत कस्टमरचा फोन: बेअरिंग बसवताना प्रेसचा लोड वाढतोय, लाइन उभी आहे. रात्री साडेअकरापर्यंत त्यांच्या गोडाऊनमध्ये उकिडवं बसून आम्ही अठराशे जॉब निवडले. घरी आलो, ताट झाकलेलं होतं, ते तसंच ठेवून लॅपटॉप उघडला.

मेलची सुरुवात ‘मी यापूर्वीच कळवल्याप्रमाणे’ अशी. सोबत स्टिकरचा फोटो, तारखेभोवती लाल गोल. सीसीत प्लँट हेडपासून पर्चेसपर्यंत अख्खं गाव. एक शब्द खोटा नव्हता. पाठवला आणि गाढ झोपलो, हे विशेष.

सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँट हेडनी मलाच विचारलं, ‘आठ दिवस माहीत होतं, मग लाल टॅग लावून गेज बाजूला का नाही काढलास? तो अधिकार क्वालिटीचाच ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण तो अपमान दोन दिवसांत विसरलो असतो. फटका नंतर बसला. लाइनवर एक जुना सेटर, मशीन लावून देणारा, होता. मशीनमध्ये काही खटकलं की आधी मला हाक मारायचा, ‘साहेब, जरा येऊन बघा, आज आवाज बरा नाही.’ त्या मेलनंतर त्याची हाक बंद झाली. त्याच्याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. पण शॉप फ्लोअरवर एवढं पक्कं झालं होतं की ह्या माणसाला काही दिसलं की त्याचा फोटो निघतो आणि वर जातो. फर्स्ट पीसचा, म्हणजे पहिल्या जॉबच्या तपासणीचा, कागद सहीला यायचा, तोंडाने कोणी काही सांगायचं नाही. पूर्वी दहाव्या जॉबला कळणारी गोष्ट आता दोनशेव्या जॉबला कळू लागली. ड्रॉइंग मला तेवढंच कळत होतं, तरी माझ्या लाइनचं रिजेक्शन वाढलं. म्हणजे ज्या कामाच्या जोरावर मी लोकांना मोजत नव्हतो, ते कामच निम्मं त्या लोकांच्या तोंडून येत होतं.

मार्चमध्ये रेटिंग आलं. पाचपैकी तीन, शेरा: ‘टीमसोबत जुळवून घेण्याची गरज’. माझ्या साहेबांनी चार दिले होते, नॉर्मलायझेशनमध्ये एक उडाला. सगळे विभागप्रमुख एका खोलीत बसून ठरलेल्या टक्क्यांत माणसं कोंबतात, तीच ती बैठक. तिथे आपलं नाव निघालं की फार तर अर्धा मिनिट मिळतो. माझ्या अर्ध्या मिनिटात साहेब एकटेच बोलले, बाकीचे कागद चाळत राहिले. विरोधात कोणी चकार शब्द काढला नाही म्हणे. गरजच पडली नाही.

मग एचआरची पायरी चढलो. कोणत्या घटनेवरून हा शेरा? ‘ओव्हरऑल परसेप्शन.’ कोणाचं? ‘ते कॉन्फिडेन्शियल असतं.’ लेखी द्या म्हटलं, तर पोर्टलवर तिकीट टाका. टाकलं. अकरा दिवसांनी ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ असं म्हणून तिकीट बंद. भावना! मी तारखा विचारल्या होत्या हो. साडू सरकारी खात्यात आहे, तो पोट धरून हसला. तिकडे २००८ च्या देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवायलाच हवी. आमच्याकडे शेरा छापील मिळतो, त्यामागचं कारण मात्र देवाला ठाऊक.

क्वालिटीवाल्याला याची जास्त चीड येते. तोच जॉब तीन जणांनी मोजला तर आकडे किती हलतात, हे आम्ही गेज आर अँड आर करून बघतो. हे हलणं १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, ३० च्या वर गेला तर बाद. गंमत म्हणजे मोजणाऱ्या माणसाला त्यात ‘अप्रेझर’च म्हणतात. अमेरिकेत २००० साली ४,४९२ मॅनेजरांच्या रेटिंगवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रेटिंगमधल्या फरकाचा निम्म्याहून मोठा वाटा रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेचा निघाला. (ह्या दोन टक्केवाऱ्या एका जातीच्या नाहीत, मला माहीत आहे, मोजमापाची पद्धत तपासणाऱ्या एमएसएवाल्यांनी तुटून पडू नये.) असला गेज लाइनवर सापडला असता तर ऑडिटरने जागीच बाद केला असता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, पटलं तर घ्या: लाडकं व्हायची गरज नाही, पण नावडतं झालात की हुशारी कोणी मोजायलाच घेत नाही. हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही. २००५ मध्ये कॅसियारो आणि लोबो ह्या दोघा संशोधकांनी कंपन्यांतली माणसं तपासून जवळपास हेच लिहिलं. लोक तोंडाने म्हणतात आम्हाला हुशार खडूस चालेल, आणि काम पडलं की जातात लाडक्या ठोंब्याकडे.

आता ‘चहाला जाणाऱ्या’बद्दल. ज्याला माझ्याऐवजी बढती मिळाली त्याला मी दोन वर्षं चमचा म्हणत होतो. मग एकदा त्याच्या लाइनवर तसाच गेज निघाला. त्याने तो काढला, प्रॉडक्शनच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, हा गेला. दुसरा तासाभरात देतो, तोवर लाइन थांबवतोय. वर तुम्ही कळवताय की मी कळवू?’ लाइन थांबली, भांडण झालं नाही, वरचा मेल प्रॉडक्शननेच टाकला. ड्रॉइंग त्याला माझ्याइतकं येत नव्हतं, हे मी अजूनही म्हणेन. पण ह्याला चमचेगिरी म्हणता येत नाही.

सगळीकडे हे लागू नाही. काही ठिकाणी ‘आवडणं’ म्हणजे निव्वळ गाववाला असणं, एका कॉलेजचं असणं, नाहीतर आडनाव. तिथे शिकण्यासारखं काही नसतं, सरळ दुसरीकडे बघा. आणि बायकांसाठी हा हिशोब आणखी वाकडा. लाइन थांबवणारा पुरुष ‘स्ट्रिक्ट’ आणि बाई ‘खडूस’, हे मी माझ्याच डिपार्टमेंटमध्ये पाहिलंय, आणि तेव्हा गप्प बसलोय.

जाता जाता, अप्रेझलची सगळी पत्रं आजच डाउनलोड करून घरी ठेवा. त्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर माझं पोर्टल बंद झालं, २०१२ चं पत्र आत राहिलं ते राहिलंच.

मार्चला अजून वेळ आहे. तुमच्या साहेबांना एकदा एकटं गाठून विचारा, नॉर्मलायझेशनमध्ये माझं नाव निघालं तर तुमच्याशिवाय कोण बोलेल? त्यांनी पटकन दोन नावं घेतली तर थांबा. डोकं खाजवायला लागले तर आधी त्या लोकांकडे एक-दोन चकरा मारा, राजीनामा कुठे पळून जात नाही. आणि तो ड्राफ्टमधला मेल उघडून सीसीत कोण कोण आहे तेवढं बघून घ्या.